एमआरआयमध्ये 'गादी फाटली' आलंय: ऑपरेशन की व्यायाम, ठरवायचं कसं?

केतकी
नमस्कार. वय ५३. गेले काही महिने उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतोय. पडले नाही, मुरगळला नाही, कुठे आपटलाही नाही. जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना कळ येते, चार पावलं टाकली की कमी होते. कुशीवर झोपलं की दोन्ही गुडघे एकमेकांवर येऊन दुखतं, म्हणून मध्ये उशी घेते.

एमआरआय काढला. त्यात लिहिलंय: मिडियल मेनिस्कसच्या पोस्टिरिअर हॉर्नमध्ये ग्रेड ३ टिअर (म्हणजे गुडघ्यातल्या आतल्या बाजूच्या गादीचा मागचा भाग फाटलाय), सांध्याची सौम्य झीज, थोडं पाणी. पहिले डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून फाटलेला तुकडा काढून टाकू, छोटंसंच ऑपरेशन आहे. दुसरे म्हणाले, तीन महिने नेटाने व्यायाम करा, मग बघू. दोघेही अनुभवी, दोघांनी बघितला तो एमआरआयही एकच.

'आमच्या वहिनींना गुण आला' असे अनुभव जरूर लिहा, पण मला मुख्यतः ठरवायचं कसं ते समजून घ्यायचंय. कोणत्या प्रश्नांची उत्तरं हातात असली की हा निर्णय डोळसपणे घेता येतो?

वाटसरू
मीही याच फेऱ्यात आहे, फक्त डावा गुडघा. वाचतेय.

मृण्मयी_फिजिओ
केतकी, रिपोर्ट थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी गुडघ्याबद्दल सांगा. मी दिवसभर गुडघे आणि खांदेच बघते, पण प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणार नाही. विचार कुठल्या वाटेने करायचा तेवढं सांगू शकते.

दुखणं अमुक दिवशी, अमुक हालचाल करताना सुरू झालं असं बोट ठेवता येतं का? गुडघा अडकतो का? कटकट आवाज येणं म्हणजे अडकणं नव्हे. पाय अर्धवट वाकलेला असताना तिथेच रुततो, सरळ करायला गेलं तर होतच नाही, हाताने हलवून सोडवावा लागतो, त्याला मी अडकणं म्हणते. चालता चालता वळलात तर गुडघा दगा देतो का, म्हणजे खालून निसटल्यासारखा होतो का? सूज येते का, आणि कधी?

आणखी एक घरीच बघा. उताण्या झोपा, दोन्ही पाय लांब करा आणि गुडघ्याच्या मागची पोकळी दोन्ही बाजूंना हात घालून चाचपा. दुखऱ्या बाजूला हात सहज आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूला अडतो, असं असेल तर गुडघा पूर्ण सरळ होत नाहीये.

शेवटचं म्हणजे ताप, कारण नसताना वजन उतरणं, किंवा पाय कसाही ठेवला तरी झोपेतून उठवणारं दुखणं यांपैकी काही आहे का?

केतकी
धन्यवाद. नेमका दिवस सांगता येणार नाही, हळूहळू वाढत गेलं. अडकत नाही. आवाज येतो, पण दुखल्याशिवाय. दगा देत नाही. फार चालणं झालं तर संध्याकाळी वाटीभोवती फुगल्यासारखं वाटतं, सकाळी उतरलेलं असतं. सरळ होतो, दोन्हीकडे सारखाच. ताप वगैरे काही नाही.

शोधयात्री
मी डॉक्टर नाही. वडिलांच्या गुडघ्याच्या निमित्ताने या विषयावरचं संशोधन बरंच वाचलं. केतकीताईंच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेलं लिहितो.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले होते. त्यांना गुडघेदुखीची तक्रार आहे म्हणून निवडलं नव्हतं, सरसकट घेतलं होतं. अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मेनिस्कसमध्ये फाट दिसली त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. पन्नाशीनंतर ही फाट इतकी सर्रास सापडते की ती दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं धरता येत नाही. ताई, तुमच्या न दुखणाऱ्या डाव्या गुडघ्याचा एमआरआय काढला तर तिथेही फाट दिसू शकेल.

दुसरा अभ्यास फिनलंडमधला, २०१३ चा. ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण. सगळ्यांची फाट झिजेमुळे झालेली, अपघाताने नव्हे, आणि एक्स-रेवर संधिवात नाही. सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली. अर्ध्या लोकांचा फाटलेला भाग खरोखर काढला. उरलेल्यांच्या बाबतीत ऑपरेशनचा आभास तेवढा निर्माण केला, हत्यारं मागितली, यंत्र चालू केलं, कापलं काहीच नाही. रुग्णांना कुठल्या गटात आहोत ते माहीत नव्हतं. वर्षभराने दोन्ही गट बरेच सुधारले होते आणि दोघांत लक्षणीय फरक नव्हता. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर असाच अभ्यास झाला होता, तो झिजलेला सांधा दुर्बिणीतून धुण्या-घासण्याबद्दल. निकाल तोच.

'माझी वहिनी ऑपरेशनने बरी झाली' हे खरंच असतं, पण न कापताही तितकीच बरी झाली असती का हे एका माणसाच्या अनुभवातून कळत नाही. म्हणून मला हे अभ्यास फार महत्त्वाचे वाटतात.

कातळ
शोधयात्री, माहिती चांगली आहे, पण वाचून कुणी ऑपरेशनच्या नावालाच फुली मारू नये म्हणून लिहितोय. माझं वय तेव्हा ३१. कबड्डी खेळताना पाय रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. त्यानंतर गुडघा साधारण तीस अंशांच्या पुढे सरळच होईना. बसल्या जागी अडकलेला, झोपेतही अडकलेला. एमआरआयमध्ये बकेट हँडल टिअर निघाली, म्हणजे फाटलेली पट्टी उलटून सांध्याच्या मधोमध येऊन बसली होती. ती दुर्बिणीतून जागेवर नेऊन शिवली. काही आठवडे कुबड्या, काही महिने व्यायाम, आणि आज मी डोंगर चढतो. हा गुडघा व्यायामाने सुटला नसता.

शोधयात्री
कातळ, पूर्ण सहमत. मी लिहिलेले अभ्यास झिजेच्या फाटेबद्दलचे आहेत. तरुण वय, जोराची दुखापत, खरोखर अडकलेला गुडघा हे त्यांत येतच नाही.

एक गोष्ट माझ्या आधीच्या प्रतिसादात यायला हवी अशी आहे, ती इथे लिहितो. २०१३ सालीच अमेरिकेत ३५१ रुग्णांचा अभ्यास आला, एका गटाला ऑपरेशन आणि दुसऱ्याला फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते, पण व्यायामाच्या गटातल्या ३० टक्के लोकांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं. व्यायाम सगळ्यांना पुरतो असा दावा करता येत नाही. व्यायामाने सुरुवात केली म्हणून ऑपरेशनची वाट बंद होत नाही, हे मात्र त्यातून नक्की दिसतं.

अस्थिशल्य
मी अस्थिरोग शल्यचिकित्सक आहे. धाग्याची दिशा योग्य आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, केतकी, रिपोर्टमध्ये 'रूट' हा शब्द आहे का ते नीट बघा. मेनिस्कसची दोन्ही टोकं हाडाला जिथे घट्ट रोवलेली असतात ती त्याची मुळं. तुमच्या वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, मागचं मूळ सुटतं. बहुतेक वेळा खाली बसताना किंवा पायरी उतरताना गुडघ्याच्या मागे 'टप्' असं काहीतरी होतं आणि त्या क्षणापासून दुखायला लागतं. मूळ सुटलं की गादी बाहेरच्या बाजूला सरकते, भार पेलायचं तिचं काम थांबतं आणि सांधा झपाट्याने झिजू शकतो. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, चांगली शिल्लक असेल आणि पायाची रेषा फार वाकडी नसेल, तर ते मूळ वेळेत शिवण्याचा विचार करावा लागतो. तिथे तीन-तीन महिने वाट बघत बसू नये.

दुसरी गोष्ट एक्स-रेची. अनेक रुग्ण महागडा एमआरआय घेऊन येतात आणि उभं राहून काढलेला साधा एक्स-रे त्यांच्याकडे नसतो. आडवं झोपवून काढलेल्या एक्स-रेत दोन हाडांमधली जागा ठीक दिसते. तोच माणूस उभा राहिला, पायावर भार आला, की ती जागा किती उरली ते कळतं. झीज किती हा प्रश्न असेल तर उभ्याचा एक्स-रे हवा.

मेनिस्कस काढून टाकण्याबद्दल आम्हीही बदललो आहोत. १९४८ सालीच फेअरबँक या ब्रिटिश सर्जननी दाखवून दिलं होतं की मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेवर पुढे झिजेच्या खुणा दिसतात. तरीही पुढची बरीच वर्षं तो सर्रास काढला जात होता. बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली ताजी फाट शिवली तर जुळते. आतल्या कडेला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे कोणी 'साफ करू' म्हटलं तर काय काढणार, किती काढणार आणि शिवता का येणार नाही, हे विचारा. विचारलेलं कोणाही चांगल्या सर्जनला आवडतं.

केतकी
रिपोर्ट पुन्हा वाचला. 'रूट इन्टॅक्ट' असं स्पष्ट लिहिलंय. उभ्याचा एक्स-रे काढलेला नाही, तो काढून घेते.

सुमेध
मध्येच विचारतो, माफ करा. बाबा, वय ६८, मधुमेह आहे. कालपासून डावा गुडघा टम्म सुजलाय, लाल आहे, हात लावला तर गरम लागतो. अंगात कणकण आहे. पाय टेकवतच नाही म्हणतात. लचकला असेल असं समजून बर्फ लावतोय. अजून एक-दोन दिवस बघू का?

अस्थिशल्य
सुमेध, थांबू नका. आत्ता, जिथे सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासायची सोय आहे अशा रुग्णालयात घेऊन जा. अचानक सुजलेला, लाल, गरम सांधा आणि ताप म्हणजे सांध्यात जंतुसंसर्ग आहे असंच धरून चालायचं असतं, तपासणीत तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. मधुमेहात धोका जास्त. संसर्ग असेल तर काही दिवसांत कूर्चा कायमची खराब होते, आणि तो रक्तात पसरला तर जिवावर बेततं. गाऊटमध्येही (युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात) गुडघा असाच दिसू शकतो, पण ते बाहेरून बघून ठरत नाही, पाण्याच्या तपासणीतच कळतं. घरात पडलेली अँटिबायोटिक देऊ नका, तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं.

मृण्मयी_फिजिओ
सुमेध, मसाज, शेक, व्यायाम काहीही करू नका. लगेच निघा.

वाऱ्यासंगे
माझी केस वेगळी आहे. वय २६, फुटबॉल. उडी मारून उतरताना गुडघा आत वळला, 'पॉप' आवाज आला, तासाभरात गुडघा फुगला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलंय. सगळे म्हणतात लगेच ऑपरेशन कर, नाहीतर गुडघा गेला. खरंच इतकी घाई असते का? सूज अजून आहे आणि पाय पूर्ण सरळ होत नाही.

मृण्मयी_फिजिओ
वाऱ्यासंगे, दुखापतीनंतर एक-दोन तासांत गुडघा फुगला की बहुधा आत रक्तस्राव झालेला असतो, तुमचं निदान त्याला धरूनच आहे. दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज ही वेगळी बाब.

पाय सरळ का होत नाही, हे आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. मेनिस्कसचा तुकडा मध्ये अडकला असेल तर वेळ काढून चालत नाही. तसं काही नसेल आणि नुसती सूज व दुखणं असेल, तर पहिले काही आठवडे सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणं, एवढंच काम. ऑपरेशन करायचं ठरलं तरी हे आधी करावं लागतं, कारण सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं की तो नंतर आखडून राहण्याची भीती असते.

सांध्यात पाणी असलं की मेंदू मांडीच्या स्नायूला आखडता हात घ्यायला लावतो. म्हणून कितीही जोर लावला तरी पाय ताठ उचलला जात नाही. यात तुमची इच्छाशक्ती कमी पडत नसते. सूज उतरेल तसा स्नायू ऐकायला लागतो.

शोधयात्री
एसीएलवर स्वीडनमध्ये एक छान अभ्यास झालाय, २०१० चा. १८ ते ३५ वयाचे १२१ खेळते लोक. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज वाटली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते. पाच वर्षांपर्यंत दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, उरलेल्या निम्म्यांना लागलंच नाही. त्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू नव्हते, हे लक्षात ठेवा.

अस्थिशल्य
एसीएल तुटलं म्हणून ऑपरेशन, असा सरधोपट नियम आता कुणी करू नये. वळणं, थांबणं, दिशा बदलणं असलेला खेळ पुन्हा जोमाने खेळायचाय, किंवा व्यवस्थित व्यायाम करूनही गुडघा वारंवार निसटतोय, किंवा सोबत शिवण्याजोगी मेनिस्कसची फाट आहे, तर मी ऑपरेशनच्या बाजूने बोलेन. प्रत्येक वेळी गुडघा निसटतो तेव्हा आतल्या गादीला नवी इजा होऊ शकते, म्हणून 'निसटतोय पण चालवून घेतो' हे मला मान्य नाही. पोहणं, सायकल, सरळ रेषेत धावणं एवढंच हवं असेल तर अनेक जण लिगामेंटशिवाय उत्तम राहतात.

एक मात्र ऑपरेशनआधीच मनाशी ठरवा. खेळात परतायला किमान नऊ महिने द्यायचे. त्याआधी मैदानात उतरणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसतं.

वाऱ्यासंगे
म्हणजे आधी गुडघा सरळ करून घेणं, मग खेळ किती महत्त्वाचा ते ठरवणं. पहिल्यांदाच कुणीतरी क्रम सांगितला. पाय सरळ का होत नाही ते उद्याच तपासून घेतो.

प्राजक्त
गुडघ्याच्या धाग्यात खांद्याचं विचारलं तर चालेल का? उजवा हात वर जात नाही, पाठीमागे तर अजिबात नाही. एमआरआयमध्ये 'पार्शल टिअर' आलंय, म्हणजे स्नायूबंध अर्धवट फाटलाय.

मृण्मयी_फिजिओ
चालेल की. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमचा तळहात हळूच बाहेरच्या दिशेला फिरवायला सांगा. तुम्ही जोर लावायचा नाही. दुसऱ्यानेही फिरवता येत नसेल, तर खांदा आखडलाय, म्हणजे फ्रोझन शोल्डरची शक्यता जास्त. मधुमेहात हे जास्त होतं, साखर तपासली नसेल तर तपासा. बरं व्हायला एक ते तीन वर्षंही लागतात. सुरुवातीच्या फार दुखणाऱ्या काळात सांध्यात घेतलेलं स्टेरॉइड इंजेक्शन बऱ्याच जणांना उपयोगी पडतं. दुसऱ्याने फिरवला तर फिरतो पण तुमच्या जोरावर जात नाही, असं असेल तर प्रश्न स्नायूबंधाचा. पडल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला असेल तर मात्र लवकर दाखवा, ताजी तुटलेली बंधनं उशिरा शिवणं अवघड जातं.

शोधयात्री
खांद्यातही गुडघ्यासारखंच घडलंय. हाडाचा काटा घासून जागा मोकळी करायचं ऑपरेशन खूप होत असे. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात ते नुसती दुर्बीण घालून बाहेर काढण्यापेक्षा सरस ठरलं नाही.

वाटसरू
गोळ्यांचं काय? ग्लुकोसामाइन, पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), वंगणाचं इंजेक्शन, ओळखीतले सगळे वेगवेगळं सुचवतात.

शोधयात्री
ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनवर २००६ साली अमेरिकेत १५८३ लोकांचा अभ्यास झाला, एकूण रुग्णांत साध्या बनावट गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पीआरपीवर ऑस्ट्रेलियात २०२१ चा २८८ लोकांचा अभ्यास आहे, मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी तुलना केली, वर्षभराने दुखण्यात किंवा कूर्चेत फरक नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना ग्लुकोसामाइन देऊ नका आणि वंगणाची इंजेक्शनं देऊ नका असंच सांगतात. गुडघ्यासाठी औषधांत पहिली पसंती वरून लावायच्या वेदनाशामक जेलला. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठर, मूत्रपिंड, रक्तदाब, हृदय यांना त्रास होऊ शकतो, त्या मनाने दीर्घकाळ घेत राहू नका.

अस्थिशल्य
स्टेरॉइड इंजेक्शनबद्दल थोडं. फार दुखत असेल, व्यायामच सुरू करता येत नसेल, तर काही आठवड्यांची उसंत मिळवायला एखादं ठीक आहे. दर तीन महिन्यांनी घेत राहणं मला पटत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी ते दिलं, तेव्हा दुखण्यात बनावट इंजेक्शनपेक्षा फायदा नव्हता आणि कूर्चा मात्र जास्त झिजली.

केतकी
आता विचारतेच. व्यायाम म्हणजे नेमका कोणता? 'चालत जा' एवढंच सांगून सोडून देतात.

मृण्मयी_फिजिओ
हा प्रश्न यावा असं वाटतच होतं. व्यायाम करून पाहिला, उपयोग झाला नाही, असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांच्या व्यायामात भार वाढवलेलाच नसतो. झोपून पाय दहा वेळा उचलणं ही फक्त सुरुवात. स्नायूला जड वाटेल इतकं काम दिल्याशिवाय तो वाढत नाही.

खुर्चीवरून उठणं घ्या. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही. फार दुखत असेल तर बुडाखाली जाड उशी, तेवढी उंची वाढली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. पावलं खांद्याइतकी लांब आणि गुडघ्यांच्या जरा मागे. हात छातीवर. आता पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग उठा. बसताना धपकन बसू नका, मनात चार मोजत खाली या, खरं काम तिथेच होतं. गुडघे एकमेकांकडे ढळू देऊ नका. दहा सहज जमले की उशी काढा. तेही सहज जमले की हातात वजन घ्या. पुढे दुखऱ्या पायावर जास्त भार. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. याच्या जोडीला पायरी चढणं-उतरणं, टाचा उचलणं आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, कारण नितंबाचा स्नायू ढिला असला की गुडघा आत कलतो.

आणि दुखेल. सगळे इथेच थांबतात, म्हणून सविस्तर सांगते. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना चार-पाचपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्या पातळीला आलं पाहिजे. नाही आलं किंवा सूज वाढली, तर पुढच्या वेळी भार थोडा कमी करा, बंद करू नका. बारा आठवडे द्या. तिसऱ्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडू नका, स्नायूंची खरी वाढ त्यानंतर दिसते.

वजन जास्त असेल तर तेही. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात शरीराचं वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो असं आढळलं. हे मी कुणालाही लाजवण्यासाठी सांगत नाही. थोडं कमी झालं तरी फरक पडतो म्हणून सांगते.

सुमेध
कळवायला आलो. सुईने पाणी काढलं, गढूळ पू निघाला. त्याच रात्री दुर्बिणीतून सांधा धुतला, शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. आज ताप उतरलाय. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. मनापासून आभार, दोघांचेही.

कातळ
सुमेध, बाबांना लवकर आराम पडो. हे वाचून फार बरं वाटलं.

निरांजन
आईचं वय ७४. दोन्ही गुडघे, उभ्याच्या एक्स-रेत हाडाला हाड लागलंय. वर्षभर व्यायाम मनापासून केला, बळ आलं, पण आता घरातल्या घरातही बसत बसत चालते आणि रात्री दुखण्याने जागी असते. धाग्यात सगळं ऑपरेशनच्या विरोधात चाललंय असं वाटून जरा धीर खचला.

अस्थिशल्य
निरांजन, तुमच्या आईंसाठी माझं उत्तर अगदी वेगळं आहे. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालणं आणि गुडघा बदलणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शेवटच्या टप्प्यातल्या झिजेत गुडघा बदलण्याने दुखणं कमी होतं हे चांगल्या अभ्यासांत दिसलंय. २०१५ साली डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांची तुलना झाली. गुडघा बदलून व्यायाम करणाऱ्यांना नुसत्या व्यायामापेक्षा बराच जास्त आराम मिळाला. गंभीर गुंतागुंतही त्याच गटात जास्त झाली, हेही तितकंच खरं. नुसत्या व्यायामाच्या गटातल्या चारांपैकी तिघांना वर्षभरात ऑपरेशन लागलं नाही. तुमच्या आई व्यायाम करूनही ऑपरेशन लागणाऱ्या, चारांतल्या त्या चौथ्या रुग्णासारख्या आहेत.

कृत्रिम गुडघा किती टिकतो? २०१९ साली अनेक नोंदी एकत्र करून पाहिलं तर संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकले होते. ७४ व्या वर्षी बहुतेकांना एकदाच पुरतो. पण साधारण पाचातल्या एकाला नंतरही दुखणं राहतं किंवा समाधान होत नाही, हे ऑपरेशनआधी आईंना स्पष्ट सांगा. नवा गुडघा चालायला, जिन्याला उत्तम. पूर्ण वाकवून खाली बसणं मात्र अनेकांना जमत नाही.

एक्स-रे किती वाईट यापेक्षा आईंची झोप, चालणं आणि त्यांची स्वतःची इच्छा यांवर ठरवा. साखर, रक्तदाब, दात, त्वचेवरच्या जखमा आधी नीट करून घ्या. वर्षभर केलेला व्यायाम वाया गेलेला नाही, बळकट मांडीने ऑपरेशन केलेली माणसं लवकर उठतात.

निरांजन
खूप धीर आला. आईला हे सगळं वाचून दाखवते, ठरवणार तीच.

दूर्वा
घोटा मुरगळलाय. एक्स-रे काढायचाच असतो का?

मृण्मयी_फिजिओ
प्रत्येक वेळी नाही. ओटावा नियम म्हणून आहेत, १९९२ सालचे, मोठ्या माणसांसाठी. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून बघा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड वर आलेलं लागतं तिथे दाबा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर. हाडावरच दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. नाहीतर पहिले दोन-तीन दिवस पट्टी, पाय उंच, जमेल तितका भार. मग लगेच हालचाल. पुढे एका पायावर तोल सांभाळायचा सराव नक्की करा, घोटा पुन्हा पुन्हा मुरगळणं त्यानेच कमी होतं.

केतकी
उभ्याचा एक्स-रे आला. आतल्या बाजूची जागा थोडी कमी आहे, तुलनेने बरी. दुसऱ्या डॉक्टरांना पुन्हा भेटले. अडकत नाही, निसटत नाही, मूळ शाबूत आहे, पूर्ण सरळ होतो, हे त्यांनी स्वतः तपासून सांगितलं. पहिल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं की तीन महिने थांबले तर काही कायमचं बिघडेल का? ते म्हणाले, नाही बिघडणार. त्या एका उत्तराने निर्णय सोपा झाला. व्यायाम सुरू केलाय, खुर्ची भिंतीला टेकवून आणि उशी घेऊनच. मध्येच अडकायला लागला तर कुठे जायचं तेही ठरवून ठेवलंय.

वाटसरू
केतकी, तुमच्यामुळे माझेही प्रश्न लिहून झाले. रिपोर्टमध्ये 'रूट' शब्द शोधते आता.

निरांजन
एक छोटी शंका. ऑपरेशनपर्यंत आईला काठी दिली आहे. जास्त दुखणारा गुडघा उजवा, म्हणून उजव्याच हातात धरते. बरोबर आहे का?

मृण्मयी_फिजिओ
डाव्या हातात द्या, आणि उजवा पाय पुढे पडेल त्याच वेळी काठी पुढे पडू द्या. काठीची मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच हवी, हात सैल खाली सोडून मोजा. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना काठी आणि उजवा पाय आधी. खालचं रबर झिजलं असेल तर आजच बदला.